सावलीवरून उंची

३ फेब्रुवारी
आले एकदाची. धाकट्या बहिणीकडेच उतरले आहे. दुसऱ्या मजल्यावरची खोली मिळाली. खिडकीसमोर रस्ता आणि पलीकडे शिंप्याचं दुकान. मी तिचं कपाट आवरायला घेतलं तेव्हा म्हणाली, आल्या आल्या सुरू झालीस का ताई, जरा टेक तरी. टेकले नाही. निवृत्तीनंतर पुन्हा काम मिळालं आहे, लोळायला वेळ कुठे?

५ फेब्रुवारी
काम मनासारखं आहे. भूकंप झालाच तर शहरातली कोणती इमारत टिकेल आणि कोणती खचेल, याचा नकाशा करायचा. उपग्रहाच्या चित्रात इमारतीची सावली मोजायची, सावलीवरून उंची काढायची, मग खालची माती बघायची. मातीचे नमुने काचेच्या नळ्यांत ठेवलेत: वर तांबडा भराव, त्याखाली काळा चिखल, तळाशी शिंपल्यांचे तुकडे असलेली निळसर माती. ती हादरली की पातळ होते. बहिणीची सगळी वस्ती तिच्यावरच उभी आहे. सांगितलं तर म्हणाली, इतकी वर्षं उभं आहे घर, पडायला तुझ्या येण्याची वाट बघत होतं होय?

९ फेब्रुवारी
नव्या चित्रात आमच्याच रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या चारमजली इमारतीला सावली नाही. शेजारच्या इमारतींना आहे. वरिष्ठांना दाखवलं. ते म्हणाले, चित्रातला दोष असतो बाई, शेजारच्यांची सरासरी घाला आणि पुढे चला, आम्ही नेहमी तसंच करतो. असला गबाळेपणा मला खपत नाही. तरी घातली.

१० फेब्रुवारी
संध्याकाळी मुद्दाम तिकडून आले. ऊन तिरपं होतं. शेजारच्या इमारतींच्या सावल्या रस्त्यापलीकडे गेलेल्या. हिच्यापुढे मात्र रस्ता लख्ख. गच्चीवर कपडे वाळत होते. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तसंच.

१२ फेब्रुवारी
इमारत नाही. ढिगारा नाही, धूळ नाही. सपाट तांबडी जमीन. शिंप्याला विचारलं, तर म्हणाला, तिथे कधी काही होतंच कुठे, मोकळाच प्लॉट आहे तो. बहीण म्हणाली, कामाचं डोक्यात घेतेस तू. तिची मैत्रीण राहायची तिथे. परवाच भाजीचा डबा देऊन गेली. डबा ओट्यावर आहे. बहीण विचारते, हा कोणाचा गं?

१५ फेब्रुवारी
नवं चित्र. आमच्या घराला सावली नाही. वरिष्ठ म्हणाले, सरासरी घाला. घातली नाही. तशीच घरी निघाले.

१५, दुपारी
बहीण ऐकेना. वेड लागलंय तुला, म्हणाली. दंडाला धरून खाली आणली, शिंप्याकडे बसवली. ओरडून ओरडून तिला धाप लागली— दम्याचा पंप वरच राहिला. घेऊन येते.

पंप मिळाला. दार उघडत नाही.

खिडकीतून हाका मारल्या. तिने वर पाहिलं— मला नाही. आरपार. शिंप्याला विचारते आहे, हा समोरचा प्लॉट कोणाचा. धाप थांबली आहे तिची. पंप खाली टाकला. कोणी उचलला नाही.

सुखरूप आहे. तेवढं झालं—

रस्ता वर येतो आहे. आवाज काहीच नाही. तिच्या चपला— माझ्या डोळ्यांसमोर—

काचेबाहेर तांबडी माती.

काळी.

थंड आहे काच. निळसर— शिंपल्यांचे तुकडे काचेवर घासत—