मागची सीट

४ जानेवारी
निरंजन नववीत होता तेव्हा दापोडीच्या आमच्या खोलीत आम्ही मायलेक गोधडीखाली शिरून माझा आवाज रेकॉर्ड करायचो. बाहेरून लोकल धडधडत गेली की मगच तो बटण दाबायचा. ‘पुढील थांबा दापोडी, उतरणाऱ्यांनी पुढे यावे.’ लहानपणी मिशनच्या शाळेत सिस्टर्सनी मला शब्द स्वच्छ बोलायला शिकवले होते, ते असे कामी आले. बस चालवायच्या गेममध्ये त्याने आमचा रस्ता बसवला होता आणि बसला माझा आवाज दिला होता. गोधडीत उकडायचं. तो मध्येच फिसकन हसायचा आणि सगळं पहिल्यापासून.

आज ताथवड्याला त्याच्या फ्लॅटवर राहायला आले. ऊन छान येतं, बाल्कनीतून कॉलेजची मुलं दिसतात. त्याचा रूममेट सलिल इथेच राहतो. दोघांच्या त्या अपघातापासून पाय ओढत चालतो, तरी शिवणयंत्र त्यानेच वर आणलं. वर म्हणतो, काकू, आता घरचं जेवण, वजन वाढलं तर जबाबदारी तुमची. निरंजनला जाऊन वर्ष होत आलं. घरात कुणीतरी जेवणारं हवंच.

११ जानेवारी
निरंजनच्या कंप्युटरवर गेम सापडला, पण त्याचे मॉड, म्हणजे त्याने वरून घातलेल्या वस्तू, सगळे विखुरलेले. सलिलने आज सुट्टी असल्याने मॉड मॅनेजर घालून दिला. डावीकडे नावं, प्रत्येकासमोर चौकोन. टिक केली की ती वस्तू गेममध्ये येते, काढली की जाते. मूळ गेमला धक्का लागत नाही. दोन मॉड एकाच जागेवर हक्क सांगायला लागले तर विजेची खूण येते, आणि यादीत जो खाली तो जिंकतो. एखाद्याला दुसऱ्या कशाची गरज असली तर ते लाल अक्षरांत येतं. मला तर हे कपाट लावण्यासारखंच वाटलं. आमची गल्ली, पुलाखालचा रसवाला, ‘आईचा आवाज’, सगळं नीट लावलं. बाणाने बस पुढे जाते, खालची लांब पट्टी म्हणजे ब्रेक. दापोडीला आले आणि मीच मला बोलताना ऐकलं, तरुण. सलिल म्हणाला, काकू, तुम्ही तर आमच्या वरताण निघालात.

१५ जानेवारी
यादीत ‘चाकण’ नावाचा मॉड दिसतोय. मी घातलेला नाही. सलिललाही माहीत नाही. बनवल्याची तारीख कालची.

टिक केली. भोसरी, मोशी करत बस चाकणच्या चौकात आली आणि एक मोटरसायकल डावीकडून एकदम आडवी घुसली. ब्रेक दाबेपर्यंत धडकलेच. अपघात असाच झाला होता, कंपनीच्या बससमोर. निरंजन गाडी चालवत होता, त्याने घाई केली, असं सलिलने पोलिसांना सांगितलं. भेटायला आलेल्यांनीही तेच ऐकवलं. दवाखान्यात मी सलिलच्या आईचे, विजयश्रीबाईंचे, हात धरून माफी मागितली होती, माझ्या मुलाने तुमच्या मुलाचा पाय मोडला म्हणून. त्या तोंड फिरवून बसल्या.

पण गेममध्ये मागे बसलेल्याच्या पाठीला डब्याची पिशवी आहे. हिरव्या पडद्याची, मी शिवलेली. निरंजनची. मग पुढे कोण होतं?

१८ जानेवारी
चहा घेताना सलिलला विचारलं. आधी म्हणाला, काकू, गेम आहे तो, तुम्ही पण ना. मी हिरव्या पिशवीचं सांगितलं. त्याने कप बशीत ठेवला. मग म्हणाला, माझ्यावर केस झाली असती तर जर्मनीच्या नोकरीची कागदपत्रं अडकली असती. गेलेल्याचं काय नुकसान होणार होतं, काकू.

मी कप विसळून पालथे घातले.

१९ जानेवारी
यादीत दोन नवी नावं. ‘सलिल’. त्याखाली ‘निरंजन’. दोघांपुढे विजेची खूण. खाली लिहिलंय: दोघांनाही मागची सीट हवी आहे.

मागे मी होतो, असं त्यानेच सांगितलं होतं ना पोलिसांना. मग बस तिथेच.

‘सलिल’ ओढून खाली ठेवला.

२० जानेवारी
सलिलला न्यायला येणारी कंपनीची बस हॉर्न देऊन गेली. सलिल खोलीत नाही. काठी आहे, बूट आहेत, फोन वाजतोय.

गेम लावला. चाकणच्या चौकात मागच्या सीटवर तोच होता. पुढे कुणीही नव्हतं. त्याने वळून काचेतून मला पाहिलं. ओठांवरून कळलं, काकू म्हणाला.

लांब पट्टीवर बोट होतं. दाबलं नाही.

२१ जानेवारी
पुन्हा गेले. तो पुन्हा उठून सीटवर बसलेला असतो. पुन्हा नाही दाबलं. दुपारी गोड शिरा केला.

२३ जानेवारी
विजयश्रीबाईंचा बार्शीहून फोन. सलिल घरीच आहे म्हटलं. खोटं नाही ते.

नंतर त्यांचा आवाज आठवत राहिला. ‘सलिल’ची टिक काढून पाहिली. काढली तरी तो तिथेच—

२४ जानेवारी
निरंजन सुटला. दापोडीच्या थांब्यावर उभा आहे, पिशवी पाठीला. मी दार उघडते, पण तो चढत नाही. यादीत लाल अक्षरं: ‘निरंजन’साठी ‘आई’ लागते.

आवाज घातलाय की. आवाज नाही म्हणे. आई.

२५ जानेवारी
भांडी घासायला कस्तुरा आली. दार उघडून ये म्हटलं, तिला ऐकू आलं नाही. मलाही नाही. आतून कंप्युटर म्हणाला, ये. तरुण आवाज नाही आता. माझा, आजचा.

२६ जानेवारी
यादीत ‘आई’ आलंय. चौकोन रिकामा. तो थांब्यावर उभा—हसतोय, गोधडीत हसायचा तसा—

टिक केली.

हात हलका झालाय, पेन घसरतंय. लवकर लिहिते.

शिवणयंत्र कस्तुराला. शाळेतला वक्तृत्वाचा कप सिस्टर्सना परत द्यावा. गोधडी कुणाला नको, खुर्चीवर राहू दे.

कंप्युटर विजयश्रीबाईंना. बार्शीला पोचता करा. नावांचा क्रम बदलू नका. बस चालवायला बाण, एवढं शिकवा. मुलगा मागच्या सीटवर दिसेल, म्हणावं, वळून बघेल.

लांब पट्टी कशाची, ते मात्र त्यांना सांगू—