तपासणीच्या दिवशी पहिला बाक

बाई, आपल्या गावातल्या दोन सरकारी शाळांपैकी एक बंद व्हायची आहे. कोणती, ते ठरवायला सध्या दोघींची तुलना चाललीय आणि माजी विद्यार्थी म्हणून मला ठाण्याच्या नौपाड्यातून बोलावून घेतलं. कल्याणच्या पुढे एसटीत बसल्यापासून तुमची आठवण येत होती, कारण तपासणीतल्या अशाच तुलनेत आपली शाळा दर वर्षी हरायची ती केवळ तुमच्यामुळे. तपासणी असली की स्टँडजवळच्या त्या दुसऱ्या शाळेत कच्च्या मुलांना आदल्या दिवशीच सांगत, "उद्या घरी आराम कर हं, बाळा." तुम्ही मात्र अशांना घरी जाऊन बोलावून आणता आणि नेमकं पहिल्या बाकावर बसवता. तपासणीचे साहेब विचारतात, पोरं चुकतात. मी मागून कुरकुरतो, "बाई, मला सगळं येतं, मला पुढे बसवा ना!" तुम्ही वळूनही न बघता म्हणता, "येतं ना? मग साहेबांचा तुला काय उपयोग?" शाळा सुटल्यावर संस्कृत शिकवताना श्रेयस म्हणजे हिताचं आणि प्रेयस म्हणजे नुसतं आवडीचं, हा भेद तुम्ही इतक्या गोडीनं समजावलात, की केंद्रातल्या पहिल्या शाळेला मिळणारी फिरती ढाल नावापुरतीच फिरती राहिली, प्रेयसवाल्यांच्या कपाटातून ती कधी हलली नाही.

परवा आताच्या मुख्याध्यापिका मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सर, सातवीतल्या दोघी-तिघी वीटभट्टीवरून आत्ताच परत आल्यात. अडखळतात हो वाचताना. उद्या नको ना बोलवायला?" मी म्हटलं, "बोलवा. पहिल्या बाकावर बसवा." त्या चिडल्या. "तुमचं काय जातंय? तुम्ही उद्या संध्याकाळी ठाण्याला. शाळा बंद झाली तर या पोरींना हायवे ओलांडून त्या शाळेत कोण पाठवणार आहे?" बोलणं खरं होतं. तरी दुसऱ्या दिवशी त्या मुली पुढे बसल्या. मॅडमनीच बसवल्या, माझ्याकडे न बघता. साहेबांनी एकीला पुस्तक दिलं. ती एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचायला लागली. साहेबांनी पुस्तकाकडे हात नेला, तेव्हा मी म्हणालो, "थांबा साहेब, तिची ओळ संपायचीय." संपवली तिनं. साहेब हसून म्हणाले, "त्या शाळेत पोरं धडाधड वाचतात हो." मी विचारलं, "आणि न वाचणारी कुठे होती?" "तो आपला विषय नाही." "मग तुलना कशाची करताय?" मॅडमनी कपाळाला हात लावला.

निकाल अजून लागलेला नाही. विरुद्ध लागला तर मॅडम मला दारात उभं करणार नाहीत, आणि त्यांचं चूक नसेल. पण पुन्हा विचारलं तर मी पुन्हा तेच सांगेन. अख्खी शाळा दाखवायची नसेल तर ती वाचवून तरी काय वाचवलं? हे सगळं तुम्हाला ऐकवायला लिहायला बसलो खरा. पत्र घडी घालून ठेवून देतोय, तुम्हीच राहिला नाहीत, टाकणार कुठे? तपासणीच्या दिवशी तुम्हाला कधी भीती वाटायची का, बाई? मला वाटतेय.