निजलेल्या भिंती

शेलूबाजार, १२ सप्टेंबर १९५४
चंपत गवंडी माझं घर खिडकीच्या उंचीवर सोडून दौलतरावाच्या बांधकामावर गेला. जाब विचारला. म्हणाला, "त्याहीच्या पोरीचं लगन हाय, मास्तर. तुमाले काय घाई?" ठीक. याचा धंदाच बंद पाडतो.

१९ सप्टेंबर
मुंबईच्या कंपनीचं माहितीपत्रक आलं. कारखान्यात घडवलेलं घर. छत्तीस तुकडे, प्रत्येकावर काळ्या रंगात नंबर. नंबराला नंबर जोडायचा, बोल्ट आवळायचे. चार माणसं, तीन दिवस. पाऊस, गाऱ्याची वाट, गवंड्याची सासुरवाडी, कशानेच काम अडत नाही. ऑर्डर दिली.
आमच्या हिने, गोमतीने, विचारलं, "अन् कोनाडा कुठी ठेवला त्याहीनं?" बायकांना विज्ञान कळत नाही.

२ ऑक्टोबर
दौलतरावाची वास्तुशांत १५ नोव्हेंबरला. माझी १४ला. पहिलं आमंत्रण चंपतला दिलं. पोटभर जेवेल आणि उपाशी मरेल.

२० ऑक्टोबर
वाशीम स्टेशनवरून पाच बैलगाड्या आल्या. सगळे तुकडे अंगणात ओळीने निजवले, नंबर वर. गाव लोटलं. चंपतही आला, एका तुकड्यावर बोटाने टकटक करून गेला. जळाला.

२३ ऑक्टोबर
बोल्ट आवळायचे पाने आणायला अकोल्याला निघालो.

२५ ऑक्टोबर
परत आलो. गोमतीने छत्तीसही तुकड्यांना चुना मारला आहे. दोन हात. म्हणते, "दिवाळी हाय. भीत निजली म्हणून तिले चुना नोको काय?"
राग चंपतसाठी राखून ठेवला आहे.

२६ ऑक्टोबर, सकाळी
काथ्याने चुना घासून काढला. नंबरही निघाले.

दुपारी
हरकत नाही. नकाशा आहे. अकरा वर्षं भूमिती शिकवतो आहे.

३१ ऑक्टोबर
तीन भिंती उभ्या. दार छातीच्या उंचीवर आलं. चोरांच्या दृष्टीने उत्तम.

४ नोव्हेंबर
खिडकी जमिनीला टेकली. शेजारची शेळी ये-जा करते. बोल्ट आवळता आवळता उकंडराव म्हणाला, "मास्तर, आपुन आत हाओत का भायेर?" असा मजूर विकत घेतलेला असणार. चंपतचा हात दिसतो.

८ नोव्हेंबर
वारा सुटला. तिन्ही भिंती पुन्हा निजल्या. उकंडराव चहाला गेला होता, म्हणून वाचला. अजून सहा दिवस आहेत.

१० नोव्हेंबर
गोमती मला न विचारता चंपतकडे गेली. दौलतरावाचं काम संपलं होतं. तो सहा माणसं घेऊन आला. मी अंगणात आडवा उभा राहिलो. म्हणाला, "आवतन तुमीच देल्लं न, मास्तर? मंग घर नसलं तं जेवू कुठी? सरका." खिडकीपर्यंत येऊन थांबलेल्या जुन्या विटांवर वीट चढू लागली. मी विरोध नोंदवून ठेवला आहे. इथे.

१४ नोव्हेंबर
वास्तुशांत ठरल्या दिवशी झाली. दौलतरावाच्या एक दिवस आधी. जिंकलो. कारखान्याच्या भिंती चंपतने खाली अंथरल्या. अशी फरशी तालुक्यात कुणाकडे नाही, हे त्याला चारचौघांत कबूल करावं लागलं.
गवंड्याला मानाचं पागोटं द्यावं लागतं. मी मुद्दामच आणलं नव्हतं. गोमतीने पंगतीसमोर माझ्या डोक्यावरचं काढलं आणि त्याला दिलं. त्याच्या डोक्याला ते बरोबर बसलं.
वाढायला माणूस कमी होता. चंपतने तीनदा बुंदी मागितली. तिन्ही वेळा मीच वाढली, उघड्या डोक्याने.