लॉनमध्ये उगवलेलं भात

धाटाव, रोहा
ता. ४ जून १९७८

ती. गं. भा. आक्कास,
हैबतचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. तुझं पत्र पोचलं त्याला बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला तो आळसामुळे नव्हे, लावणी चालू होती म्हणून. हसू नकोस. भाताची नाही, गवताची लावणी.

कंपनीने आपली जमीन घेतली तेव्हा घरटी एक नोकरी कबूल केली होती. ती मला गेस्ट हाउसच्या बागेत माळी म्हणून मिळाली, हे तुला ठाऊक आहे. ठाऊक नाही ते एवढंच, की गेस्ट हाउस नेमकं आपल्या विहिरीकडच्या खाचरात उभं राहिलंय. वऱ्हांडा बांधावर आलाय, आणि समोर जिथे आपलं खळं असायचं, जिथे तू लहानपणी पेंढ्याच्या गंजीवरून पडून दात पाडून घेतला होतास, तिथे आता हिरवळ व्हायची आहे. इथे तिला लॉन म्हणतात.

वाडीवरच्या भागी आणि चिमा मजुरीला आल्या होत्या. हरळीचे ठोंब वितीवितीवर ओळीने खोचत होत्या, अगदी भात लावावं तसे. भागीने मला विचारलं, की कापणीला कधी यायचं. मी म्हटलं, हे पीक दर पंधरवड्याला कापायचं, पण टाकून द्यायला. मी थट्टा करतोय असं समजून ती चिमाला म्हणाली, की याचं डोकं ठिकाणावर नाय गो.

बागेचे साहेब कमळाकर म्हणून आहेत. नागपूरकडचे, तरुण, एकटेच राहतात. माणूस चांगला. त्यांनी वर्षभराचा तक्ता माझ्या खोलीच्या भिंतीवर लावून दिलाय. पावसात तण काढायचं, पाऊस उघडला की खत घालायचं, थंडीत पानांवर तांबेरा आला तर फवारायचं, उन्हाळ्यात मुळाशी वाळवी आणि हुमणी बघायची. एवढी बडदास्त आपल्याकडे जावयाचीही ठेवत नाहीत.

पौषात बायजा गेली तेव्हापासून चूल मीच पेटवतो. तक्रार नाही. फक्त तांदूळ घेताना हात अजून दोघांचे घेतो. उरलेला भात सकाळी कुंपणाशी कावळ्यांना घालतो. तू सारखी कासूला ये म्हणतेस, पण खरं सांगू, फाटकाबाहेर पडलो की जीव कासावीस होतो. इथे निदान ती वावरली ती माती तरी पायाखाली आहे.

लहान भावाचं चुकलंमाकलं पोटात घाल आणि लोभ ठेव. आता तो दुसरीकडे कुठे मागायला जाऊ?
तुझा,
हैबत

*

मु. कासू, ता. पेण
ता. १२ जून १९७८

चि. हैबतरावास,
आक्काचे अनेक आशीर्वाद. दात गंजीवरून पडून पडला नव्हता, तू ढकललं होतंस. गुरुजींनी लग्नानंतर मला लिहायला शिकवलं ते बहुधा भावाची अशी खरडपट्टी काढता यावी म्हणूनच. ते गेल्यापासून त्या विद्येचा दुसरा काही उपयोग झालेला नाही.

तुझ्या गवताची हकिकत म्हशीला वाचून दाखवली. नीट ऐकून घेतलं तिने. घरात बोलायला तीच उरली आहे, आणि ती निदान सबबी तरी सांगत नाही. तू दोघांचे तांदूळ घेतोस म्हणतोस. माझं उलटं आहे. एकटीसाठी भात रटरटत ठेवायचा मला कंटाळा येतो, मग पेज करते आणि तीच दोन वेळा पिते. चव कशी लागते, तेच विसरून गेले आहे.

रोह्याहून कासू म्हणजे काही काशी नव्हे. पेणच्या एसटीत बसायचं आणि फाट्यावर उतरायचं. परसातलं खाचर गुरुजी गेल्यापासून पडीक आहे, त्यात आता नुसतं रान माजलंय. तण काढायची एवढी हौस असेल तर इथे ये. चार दिवस राहा.

माया आहेच. ती पत्रातून पाठवून पाठवून विटली, तेवढं ध्यानात ठेव.
तुझी,
आक्का

*

धाटाव, रोहा
ता. २७ जून १९७८

ती. गं. भा. आक्कास,
हैबतचा दंडवत. वि. वि. आधी माझी फजिती सांगतो, मग खरी गोष्ट.

गेल्या पंधरवड्यात मोठा पाऊस लागला. माझ्या हातात फावडं आलं, आणि मी काय करतोय हे कळायच्या आत लॉनच्या कडेने बांध घातला, पाणी जायचा पाट बुजवून टाकला. घोट्याएवढं पाणी ठरलं तेव्हा कुठे मला स्वस्थ झोप लागली. चार दिवसांनी कमळाकर साहेब छत्री घेऊन आले आणि बघतच राहिले. हैबतराव, बदकं पाळायचा विचार आहे का, असं त्यांनी विचारलं. मी लगेच पाट मोकळा केला. तोवर कडेच्या गवताची मुळं कुजली होती, बुरशी धरली होती. साहेबांनी स्वतः पावडर मारली आणि वर कुणाला कळू दिलं नाही. जन्मभर पाणी अडवलं, आता ते घालवायचं काम आहे. हाताला कसं शिकवायचं?

आता खरी गोष्ट. खळ्याच्या जागी भात उगवलंय.

पेरलं कुणी नाही. शेवटच्या झोडणीला जे दाणे मातीत गेले, तेच गवतामधून वर आले आहेत. बायजाचा कोळंब, तिने वर्षानुवर्षं जपलेलं वाण. ती गेली, जमीन गेली, तेव्हा पेंढ्यात बांधलेला बियाण्याचा मुडा ठेवून काय करायचं म्हणून आपण तोही दिवसांच्या जेवणाला भरडला. मला वाटलं होतं, त्या भाताचा दाणाही आता जगात नाही. आणि इथे खळ्याच्या सगळ्या घेरात हिरवंगार उभं!

साहेबांनी परवा उघडीप बघून तण मारायचं औषध फवारून घेतलं. रुंद पानांचं सगळं जळालं, भात तसंच राहिलं. साहेब म्हणाले, की गवत आणि भात एकाच कुळातले, या औषधाला त्यांच्यातला फरक कळत नाही. त्यामुळे ते हाताने उपटावं लागेल. मुंबईहून मोठे साहेब यायचे आहेत, त्याआधी लॉन स्वच्छ हवं. नऊ तारखेपर्यंतची मुदत आहे.

आक्का, उभा जन्म मी भातातलं गवत काढलं. गवतातलं भात काढायला माझा हात उचलत नाही. रोज खाली बसतो आणि उठतो. काढलं नाही तर नोकरी जाईल, आणि नोकरी गेली की ही जागाही जाईल. काढलं, तर बायजाचं या जगात काय उरलं? कुणाला विचारू? तूच सांग.

मोठी आहेस, म्हणून माझ्या या वेडावर रागावू नकोस.
तुझा,
हैबत

*

मु. कासू
ता. १ जुलै १९७८

चि. हैबतरावास,
आशीर्वाद. पत्र आत्ता मिळालं, आत्ताच लिहिते. पोस्टमन पुंडलिक ओट्यावर चहा पीत थांबलाय.

अरे, तू कुणब्याचा पोर ना? भाताचं रोप आपण दर आषाढात उपटतो, ते काय त्याला मारायला? उपटतो ते दुसरीकडे लावायला. एवढं साधं तुला सुचू नये, म्हणजे एकटं राहून राहून माणसाचं काय होतं बघ.

माझं पडीक खाचर मी उद्याच नांगरून घेते. शेजारच्या काळुरामाला ओट्यावरूनच हाक मारून सांगितलंय. तो म्हणाला, की आक्काला आता म्हातारपणी शेती सुचते हाय. सुचू दे. तू आठवडाभर रोपं वाढू दे, मग ओल्या मातीत मुळासकट अलगद काढ, मुठी बांध आणि घेऊन ये. पाठवू नकोस, घेऊन ये. दोघं मिळून लावू. मीही बायजाच्या हातचं जेवले आहे. तिचं भात माझ्या दारात उभं राहिलं, तर मलाही सकाळी दार उघडायला काही कारण होईल.

पुंडलिकाचा चहा संपला. बाकी माया भेटीत.
आक्का

*

धाटाव
ता. ९ जुलै १९७८

ती. आक्कास, नमस्कार.
रोपं पाठवली आहेत. पेणच्या गाडीवर गुणाजी ड्रायव्हर आहे, आपल्या ओळखीतला. त्याने मुठी ओल्या गोणपाटात गुंडाळून पायाशी ठेवल्या, आणि फाट्यावर स्वतः उतरून देतो म्हणाला.

मी आलो नाही. यायला निघालो होतो, आक्का, अंगावर इरलं घेतलं होतं. फाटकापर्यंत आलो. मग पाय पुढे पडेनात. मोठ्या साहेबांचं निमित्त सांगणार होतो, पण तुझ्याशी खोटं बोलवत नाही.

रागावली असलीस तरी पत्र लिही. दारात पत्र पडलं, की तो दिवस बरा जातो.
हैबत

*

मु. कासू
ता. २९ ऑगस्ट १९७८

चि. हैबतरावास,
आशीर्वाद. रागावले होते, म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. तू येशील म्हणून फाट्यावर पावसात उभी होते. गाडीतून गुणाजी उतरला, हातात गोणपाट. त्याच्याशी मी धड बोललेसुद्धा नाही, बिचाऱ्याला सांग.

लावणी मी एकटीने केली. कंबर दोन दिवस जाग्यावर आली नाही. तुझ्या साहेबांच्या औषधाने काही पातींचे शेंडे आखडले होते, थोडी रोपं मान टाकून गेली. बाकीची धरली. श्रावणात बेणणीही मीच केली. तण काढताना प्रत्येक ठोंबाजवळ थांबून बघायचे, की हे गवत की बायजाचं भात. तुझं काय होत असेल ते तेव्हा कळलं.

आता ते गुडघ्याच्या वर गेलंय. संध्याकाळी मी बांधावर बसते. वारा आला की सळसळतं, आणि घरात कुणीतरी वावरतंय असं वाटतं. वाटतं एवढंच. मागे वळून बघितलं की ओटा रिकामाच असतो. हैबत, मला फार एकटं वाटतं रे. हे मी आजवर लिहिलं नव्हतं.

गणपतीला ये. आरास नको, मोदक नकोत, बायजाचं वर्ष व्हायचं आहे हे मला कळतं. नुसता येऊन बस.
तुझी वाट बघणारी,
आक्का

*

मु. कासू
ता. १७ ऑक्टोबर १९७८

चि. हैबतरावास,
गणपती गेले, दसरा गेला, तुझा कागद नाही. आशीर्वाद देते, पण जड हाताने.

तुझ्या भिंतीवर साहेबांचा तक्ता आहे ना? त्याच्या शेजारी माझाही लाव. वैशाखात रोपांसाठी राब भाजणे, आषाढात लावणी, श्रावणात बेणणी, आश्विनात कापणी. चारही वेळा हैबत हजर. कीड एकच, सबबींची. तिच्यावर औषध, सकाळची पेणची एसटी.

भात पिवळं झालंय. खालच्या अंगाचं आडवं व्हायला लागलं. चिमण्या पहाटेपासून उतरतात. काळुराम म्हणाला, की दहा-बारा दिवसांत कापलं नाय तर दाणा झडून जाईल. मजूर मिळतात. मी सांगणार नाही. मला आता विळा धरवत नाही, आणि ते भात परक्याने कापावं असं मला वाटत नाही. तू कापलंस तर बियाण्याचा मुडा बांधीन. नाही आलास तर झडू दे. एकदा खळ्यात झडलं होतं, आता इथे झडेल. मात्र पुन्हा उगवलं, तरी उपटून लावायला मी असेनच असं नाही.

याहून जास्त मला लिहिता येत नाही.
आक्का

*

धाटाव, रोहा
ता. २३ ऑक्टोबर १९७८

ती. गं. भा. आक्कास,
हैबतचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. लिहिलं नाही, कारण तुझ्या ऑगस्टच्या पत्राला काय उत्तर द्यावं ते कळेना. खिशात घेऊन हिंडत होतो. घडीवर फाटलंय.

पाऊस उघडल्यावर लॉनला खत घातलं. मध्ये लष्करी अळीने एका रात्रीत कोपरा खाल्ला होता, तो औषधाने सावरला. आता असं दाट आणि सारखं झालंय, की मोठ्या साहेबांनी वऱ्हांड्यातून बघून शाबासकी दिली. वऱ्हांड्यातूनच. त्यावर कुणी बसत नाही, पोर खेळत नाही, गुरं चरत नाहीत. पाटीच लावली आहे. सगळं वर्ष ज्याची निगा राखायची, त्याला दुरून बघायचं.

तुला एक सांगितलं नव्हतं. नळाच्या मागे भाताचा एक ठोंब मी ठेवला होता, उपटला नव्हता. साहेबांना तो दिसला होता. मी गवत कापायचं यंत्र त्याला वळसा घालून फिरवायचो, तेव्हा ते दुसरीकडे बघायचे. दसऱ्याच्या आधी तो पिकला. आपल्या रिवाजाप्रमाणे मी लोंब्या कापल्या आणि खोलीच्या दारावर त्यांच्या जुडीचं नवं बांधलं. बांधून मागे सरकलो, नीट बांधलंय का विचारायला वळलो, तर कुणीच नव्हतं. दिवसभरात त्या दारावरून बरीच माणसं गेली. हे काय बांधलंय म्हणून कुणीही विचारलं नाही. कुणाला माहीतच नव्हतं. संध्याकाळी अंधार पडल्यावर पाटी ओलांडून मी खळ्याच्या जागी जाऊन बसलो. हाताला नुसतं गवत लागत होतं. बायजा तिथे नव्हती. मी उगाच तिची राखण करत बसलो होतो, आणि माझी सख्खी बहीण फाट्यावर पावसात भिजत होती.

काल साहेबांकडे रजा मागितली. कारण विचारलं, तेव्हा सांगितलं, की घरचं भात कापायचं आहे. त्यांनी सही केली आणि म्हणाले, की लॉनला पाणी मी घालीन. सकाळीच घाला, संध्याकाळी नको, बुरशी येते, असं मी त्यांनाच बजावून आलो.

शनिवारी पहिल्या गाडीने येतो. माझा विळा घासून ठेवलाय. फाट्यावर उभी राहू नकोस, घर मला सापडेल. दिवाळी यंदा आपल्याला नाही, पण ते दिवस तिथेच काढीन, झोडणी करीन, मुडा बांधून होईपर्यंत हलणार नाही. पुढच्या आषाढाची रजाही आताच सांगून ठेवली आहे.

आजवर लोभ मागत आलो. या खेपेला मागत नाही, घ्यायला येतो आहे.
तुझा,
हैबत

ता. क. शनिवारी पेज करू नकोस. दोघांचे तांदूळ घे.