दमट गोधडी

सनाबिस (आखात), मंगळवार, १२ ऑगस्ट

सासूबाईंची गोधडी आज पुन्हा दमट लागली. शेजाऱ्यांकडे दोन टनांचा एसी आहे, म्हणून ह्यांनी सासूबाईंच्या एवढ्याशा खोलीतही दोन टनांचाच बसवला. तो खोली झटकन गार करतो आणि बंद होतो. हवेतला दमटपणा तसाच राहतो. सासूबाईंचे गुडघे आखडलेत. "मला साताऱ्याला धाडा," म्हणाल्या. ह्यांचं आपलं, "अगं, मोठा कधी वाईट असतो का?"

असतो! संध्याकाळी टेप घेऊन खोली मोजली. एक टन पुरे. हे मोजमाप एसी बसवायच्या आधी करायचं काम, पण बोलून काय उपयोग? उद्या बदलणारच.

सासूबाईंना बजावलं, "उद्यानंतरही गोधडी दमट लागली, तर साताऱ्याचं तिकीट मीच काढीन."

"परतीचंही काढ," म्हणाल्या.