खरवडलेले अकरा खांब

बाबा, तुमची सही मला मंगळवारी दुपारी ऑफिसात दिसली. बेलापूरला, सातव्या मजल्यावर, जिथून खाली दिवाळे गावच्या कोळ्यांच्या होड्या दिसतात. कोळसा काढून झालेल्या जुन्या खाणींवर जी वस्ती उभी आहे, तिची जमीन खचेल का, हे आम्ही इथे बसून ठरवतो. धोका असेल तिथे लाल रंग, नसेल तिथे हिरवा. या वेळी आपलीच खाण आली. मी त्या खाणीच्या कॉलनीत वाढले, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

कॉलनीतली शाळा हिरवी होती. तुमच्या नकाशाप्रमाणे तिच्याखालचे कोळशाचे खांब शाबूत, त्यामुळे वरच्या जमिनीला आधार आहे. पण मैदानाची पातळी दर मोजणीत थोडी खाली येत होती. शेजारचा सहकारी म्हणाला, "मॅडम, सर्वेयरची सही आहे ना खाली? मग कशाला टेन्शन घेता?" मी मूळ नकाशाचं स्कॅन मोठं करत गेले.

ब्लेडची खूण मला ओळखता येते. रविवारी तुम्ही आईचं पोळपाट बाजूला सरकवून स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरायचात. शाईचा ठिपका पडला की अर्ध्या ब्लेडने अलगद खरवडायचा आणि नवी शाई फुटू नये म्हणून ती जागा नखाने घासायची. मी चौथीत असताना तेच ब्लेड घेऊन वहीतलं चुकलेलं उत्तर खरवडलं, तेव्हा तुम्ही वही माझ्या हातातून काढून घेतलीत. "डाग खरवडायचा. मोजलेलं खरवडायचं नाही. चुकलं तर रेघ मार, शेजारी बरोबर लिही."

नकाशावर शाळेखालची जागा खरवडलेली होती. खाली तिरप्या रेघा पुसट दिसत होत्या, म्हणजे तिथले खांबही खणून नेलेले होते. त्यावर तुमच्या नेटक्या हाताने पुन्हा खांब रेखाटलेले. मी उठले, पाणी प्यायले, परत येऊन मोजले. अकरा. पुन्हा मोजले. अकराच. कोपऱ्यात दुरुस्तीची तारीख, तुमच्या अक्षरात. मी सहावीत होते ते वर्ष.

त्याच वर्षी, सहामाही झाल्यावर, तुम्ही माझं नाव त्या शाळेतून काढलंत. शहरातल्या शाळेत बसने दीड तास लागायचा. तिथल्या गणिताच्या बाई चांगल्या आहेत, असं तुम्ही सांगितलंत. मी बाकावरच्या मैत्रिणीसाठी आठवडाभर रडले.

मंगळवारी संध्याकाळी खांदेश्वरला घरी आले तेव्हा आई मेथी निवडत होती. माझी शाळा का बदलली, हे मी सहज विचारल्यासारखं विचारलं. ती मान वर न करता म्हणाली, "गणिताचं नव्हतंच ते. तुझ्या बाबायले खाणीच्या साहेबानं बोलावलं होतं. घरी आले न म्हणाले, पोरीला उद्यापासून त्या शाळेत पाठवायचं नाही. मी म्हटलं, काहून? तर ताटावरून उठून गेले."

भीतीने केलंत की नोकरीसाठी, हे नकाशावरून कळत नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी बारावीत होते, आता विचारायची सोय नाही. एवढंच कळतं की तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही एकच मूल बाहेर काढलंत. माझी मैत्रीण दहावीपर्यंत तिथेच बसली. स्नेहसंमेलनाला तुम्ही पुढच्या रांगेत असायचात; मैदानात किती मुलं मावतात, हे तुम्हाला वेगळं मोजावं लागलं नसतं.

शाळा आता लाल आहे. नकाशा विश्वासार्ह नाही, असं मी अहवालात लिहिलं, आणि सर्वेयर माझे वडील होते हेही ऑफिसातल्या सरांना सांगितलं. त्यांनी माझ्यासमोरच फोन लावले. शनिवारी शाळा भरली नाही. खाली खरंच काय उरलंय, ते ड्रिलिंग झाल्यावर कळेल.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिता येतं. सरांना मी शुक्रवारी सांगितलं. कधी दिसलं, हे त्यांनी विचारलं नाही, आणि मीही बोलले नाही. मला मंगळवारी दिसलं होतं, बाबा. बुधवारी शाळा भरली, गुरुवारीही भरली. मी ती हिरवीच ठेवली होती.