चक्कर ज्याची, उत्तर त्याचं

ती. वन्संना सविनय नमस्कार.

तुमचा खोकला थांबला असेल. आणि नसेल, तर तो कधीपासून आहे, कशाने वाढतो, हे तुम्ही नीट ध्यानात ठेवलं असेल असं धरून चालते. (हल्ली मी सगळ्यांना असंच विचारते.) इकडे मी ठणठणीत. तुमचे बंधू सुधारताहेत, आणि त्यात माझा वाटा किती ते वाचून तुम्हीच ठरवा.

त्यांना चक्कर येते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या माणसाला शिडी बंद म्हणजे धंदाच बंद. समोरच्या दुकानाची पाटी दुसऱ्या रंगाऱ्याकडे गेली, त्या दिवशी ते धड जेवले नाहीत. आता आमच्या दवाखान्यात नव्या डॉक्टरीणबाई आल्या आहेत. औषध लिहिण्याआधी त्या पेशंटलाच विचारतात, तुम्हाला काय वाटतं? सुरुवातीला लोक बिथरले. निवृत्त पोस्टमास्तर तर म्हणाले, आम्हाला काही वाटत असतं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो? मला मात्र बाई पटल्या. आपलं शरीर पार्सलासारखं डॉक्टरच्या टेबलावर ठेवून मोकळं व्हायचं, हे मला कधीच मान्य नव्हतं.

अडचण तुमच्या बंधूंची. डॉक्टर दिसला की त्यांचं एकच उत्तर, बरं आहे. (शिडीवरून पडले असते तरी पडल्यापडल्या तेच म्हणाले असते.) म्हणून मी रोज भाजी चिरताचिरता त्यांची तयारी करून घेतली. मी डॉक्टर, ते पेशंट. चक्कर केव्हा येते? दुपारी, जेवणानंतर. मान वर, आवाज मोठा. सगळं पाठ झालं.

आणि बाईंनी त्यांना विचारलं, तर घडाघडा उत्तर दिलं मी. बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "चक्कर तुम्हाला येते की यांना?" आणि मला बाहेर बाकड्यावर बसवलं. पोस्टमास्तरांनी सरकून जागा दिली, जरा जास्तच आनंदाने.

दार बराच वेळ उघडेना. आतून तुमच्या बंधूंचा आवाज येत होता, सलग. वन्सं, लग्न झाल्यापासून त्यांना इतकं बोलताना मी ऐकलं नव्हतं. बाकड्यावर माझी मान ताठ झाली. बाहेर आले ते सांगतच. रक्तदाबाची सकाळची गोळी दवाखान्याची, दुपारी आणखी एक, दोन्ही मिळून रक्तदाब फार खाली जातो. दुपारची बंद. घरी रक्तदाब स्वतः मोजायचा. शिडीचं विचारलंत का, मी म्हटलं.

"विचारलं. आकडे नीट राहिले तर चढा म्हणाल्या. मी म्हटलं, सुरुवातीला कोणीतरी शिडी धरेल. त्यांना पटलं."

डॉक्टरला यांचं पटलं. पोस्टमास्तरांना ऐकू जावं म्हणून मी सगळं पुन्हा एकदा वदवून घेतलं. तयारी कोणाची, हे वेगळं सांगायला नको.

आपली,
भावजय

ता. क. दुपारची गोळी कुठली, हे वर लिहायचं टाळलं. तुम्हाला मानवते म्हणून तुम्ही पाठवलेली. "ताईने प्रेमाने दिली, नाही कसं म्हणू?" असं ते बाईंना म्हणाले. मला कधी म्हणाले नाहीत. कृपा करून पुन्हा पाठवू नका.

पुन्हा ता. क. शिडी मीच धरणार होते. पण निघताना बाईंनी मला विचारलं, आणि तुमचं काय? मी म्हटलं, बरं आहे. तुमचे बंधू म्हणाले, "आता मी बाहेर बसतो," आणि जाताना दार ओढून घेतलं. मग गुडघ्यांचं सगळं सांगावं लागलं. फार वेळ उभं राहायचं नाही, असं आमचं दोघींचं ठरलं आहे. तेव्हा शिडी धरायला तुम्हीच या. तुमचे हात भक्कम आहेत. गोळ्या मात्र आपल्यापुरत्याच आणा.